तारा आणि स्प्रिंगांमधला तह

ट्रेमोलो ब्रिजची इलेक्ट्रिक गिटार घरी आली की पहिली संध्याकाळ बहुतेकांची सारखीच जाते. ट्यूनर लावून सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ‘ई’वर आणायची, मग पाचवी ‘ए’वर, चौथी ‘डी’वर, असं करत पहिल्या तारेपर्यंत यायचं. मग सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवावा, तर गिटार बेसूर! ट्यूनर बघावा तर सहावी तार उतरलेली. ती चढवली की पहिली उतरते. तासाभरात बोटं दुखू लागतात आणि खुंट्या सैल असाव्यात अशी शंका येते. माझीही अशी एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी मी खुंट्यांचे स्क्रू घट्ट करून पाहिले, तिसऱ्या दिवशी नव्या तारा आणल्या. दोष दोन्हीकडे नव्हता. ते वाद्य कसं चालतं हेच मला ठाऊक नव्हतं.

सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी जागची हलत नाही. साध्या गिटारीचा ब्रिजही लाकडाला घट्ट बसवलेला असतो. अशा वाद्यावर एक तार चढवली तर इतर तारांना त्याची खबरही लागत नाही. ट्रेमोलो ब्रिज फक्त पुढच्या कडेवर टेकलेला असतो आणि मागून मोकळा असतो. वरून सहा तारा त्याला गिटारीच्या मानेकडे ओढतात. खाली, गिटारीच्या पोटातल्या खोबणीत, त्याच ब्रिजचा धातूचा ठोकळा लोंबतो आणि त्याला अडकवलेल्या स्प्रिंगा उलट्या बाजूने जोर लावतात. हा सरळसरळ तराजू आहे. एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. एक तार चढवली की तारांचं पारडं जड होतं, ब्रिज किंचित पुढे कलतो आणि बाकीच्या पाच तारा सैल पडतात. एखादी तार तुटली तर उलट होतं, उरलेल्या पाचही चढतात. वाजवताना एक तार बोटाने ओढून स्वर वर नेला तर तेवढ्यापुरत्या इतर तारा उतरतात.

या तराजूवर वजन किती असतं? स्ट्रॅटोकास्टरच्या लांबीच्या, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंच तार असलेल्या गिटारीवर ज्याला ‘दहाचा सेट’ म्हणतात तो चढवला (पहिली तार ०.०१० इंच, सहावी ०.०४६ इंच), तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४७ किलो होतो. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ‘नऊचा सेट’ लावला तर तोच ताण ३८-३९ किलोंवर येतो. तारांची जाडी बदलली की ब्रिज वर उचलला जातो किंवा खाली बसतो तो यामुळेच. एका पारड्यातून आठ किलो काढले तर काटा हलणारच.

आता नावाबद्दल. ‘ट्रेमोलो’ हे या यंत्राचं चुकीचं नाव आहे. संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणातलं कंपन. स्वराच्या उंचीतल्या कंपनाला व्हायब्रेटो म्हणतात आणि हा ब्रिज करतो ते हेच दुसरं काम. ही गफलत स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या लिओ फेंडरने रूढ केली. त्याच्या पेटंटचं शीर्षकच ‘तंतुवाद्यांसाठी ट्रेमोलो साधन’ अशा अर्थाचं आहे. गंमत म्हणजे ज्या अँप्लिफायरांमध्ये आवाज खरोखर लहानमोठा होतो, त्यांच्यावर त्याने ‘व्हायब्रेटो’ लिहिलं. सत्तर वर्षं गेली, नाव तेच राहिलं. इथेही आपण ट्रेमोलोच म्हणू, कारण दुकानात दुसरं नाव कुणाला समजणार नाही.

ब्रिजला जोडलेली दांडी हलवून स्वर हलवायची कल्पना फेंडरची नव्हती. डॉक कॉफमन या अमेरिकन कारागिराने १९२९ मध्येच अशा साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्याचं ‘व्हायब्रोला’ दांडीने तारा सैल-घट्ट करायचं खरं, पण तारा पुन्हा सुरात परतायच्या नाहीत. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाने असंच एक त्रासदायक व्हायब्रोला पॉल बिग्सबीकडे दुरुस्तीला दिलं आणि बिग्सबीने त्याऐवजी स्वतःची नवी रचना करून दिली. बिग्सबीचं ते साधन आजही मिळतं. त्याची दांडी मऊ आहे, पण त्याने स्वर थोडाच हलतो.

लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कॉफमनबरोबर भागीदारीत त्याने आधी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी बनवल्या होत्या. या वाद्यावर तारेवरून लोखंडी कांडी सरकवत स्वर घसरवतात, म्हणजे आपल्या भाषेत मींड घेतात. मराठी घरात हा आवाज परका नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळात व्हॅन शिपले, हजारा सिंग यांची हवाईयन गिटार असायची, ती याच कुळातली. फेंडरच्या कारखान्यातला आरेखक फ्रेडी टावारेस स्वतः हवाईचा, स्टील गिटार वाजवणारा. उभ्या धरायच्या गिटारीवर तो घसरता स्वर आणायचा, हे स्ट्रॅटोकास्टरच्या ट्रेमोलोमागचं स्वप्न होतं.

पहिला प्रयत्न फसला. त्यात तारा छोट्या रोलरांवरून जात होत्या. स्वर हलायचा, पण नाद टिकत नव्हता. तार छेडली की आवाज पातळ यायचा आणि लगेच विरायचा. फेंडरने ते सगळं टाकून दिलं आणि १९५४ मध्ये बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर आज आपण पाहतो ती रचना बसवली. तिचं पेटंट १९५६ मध्ये मिळालं. तिच्यात दोन गोष्टी फार विचाराने केलेल्या आहेत. एक, ब्रिजखालचा जड पोलादी ठोकळा. तारांच्या टोकांना वस्तुमान मिळालं आणि हरवलेला नाद परत आला. दुसरी गोष्ट जास्त सुंदर. तारा ज्या ठोकळ्यात अडकतात आणि ब्रिजवरच्या ज्या सॅडलवर, म्हणजे छोट्या टेकूंवर, टेकून जातात, ते दोन्ही एकत्रच कलतात. त्यामुळे तार सॅडलवर घासत नाही. फेंडरने या ट्रेमोलोला ‘सिंक्रोनाइझ्ड’ म्हटलं ते याचसाठी. ज्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती त्याने हे शोधावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता हत्यारं घेऊन बसू. मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की खोबणीत स्प्रिंगा दिसतात, तीन किंवा पाच. त्यांची एका बाजूची टोकं ठोकळ्यात असतात आणि दुसरी पंजासारख्या एका धातूच्या पट्टीला अडकवलेली असतात. या पट्टीला क्लॉ म्हणतात. दोन लांब स्क्रूंनी ती मानेच्या दिशेला लाकडात धरलेली असते. हे दोन स्क्रू आत घेतले की स्प्रिंगांचं पारडं जड होतं, बाहेर काढले की हलकं. सगळी किल्ली या दोन स्क्रूंत आहे. क्लॉला एक बारीक वायर डाग दिलेली असते, ती तारांची अर्थिंग आहे. ती तुटली तर अँप गुणगुणायला लागतो, म्हणून तिला जपून हात लावा.

स्प्रिंगा किती असाव्यात यावर वादकांमध्ये वाद चालतात. तारांचा ताण ठरलेला असतो, म्हणून स्थिर असताना तीन स्प्रिंगांनाही तेवढाच जोर लावावा लागतो आणि पाचांनाही. तीन असतील तर प्रत्येक स्प्रिंग जास्त ताणलेली असते, पाच असतील तर कमी. फरक कळतो तो दांडी दाबताना. पाच स्प्रिंगांचा विरोध झपाट्याने वाढतो आणि हाताला दांडी कडक लागते. तीनची दांडी मऊ चालते. दहाच्या किंवा नऊच्या सेटला माझं मत तीनच्या बाजूने आहे, मधली एक आणि कडेच्या दोन.

सुरुवात नव्या तारांनीच करा. जुन्या, गंजलेल्या तारांवर केलेलं सेटिंग नव्या तारा चढवल्या की बिघडतं. ब्रिजला पुढे सहा स्क्रू असतील तर तारा सैल करून आधी तेच पाहा. कडेच्या दोन स्क्रूंची डोकी ब्रिजच्या पट्टीपासून साधारण दीड मिलिमीटर वर असू द्या आणि मधले चार त्याहून अर्धा आटा वर. म्हणजे भार कडेच्या दोघांवर येतो आणि मधले चौघे नुसते वाट दाखवतात. सहाही स्क्रू आवळून ठेवलेला ब्रिज मी अनेक गिटारींवर पाहिला आहे. तो कलायला जातो आणि स्क्रूंच्या मानेत अडकतो. मग कोणत्याही ट्यूनरने तो सुरात राहत नाही.

ब्रिजची मागची कड गिटारीच्या अंगापासून साधारण तीन मिलिमीटर उचललेली असावी, असं जुन्या धाटणीच्या सहा स्क्रूंच्या ब्रिजसाठी धरतात. हे मोजायला घरातलीच वस्तू पुरते. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर, ०.७६ मिलिमीटर असते. उठावाची अक्षरं नसलेली चार जुनी कार्डं एकावर एक ठेवली की तीन मिलिमीटर झाले. आता क्लॉचे दोन्ही स्क्रू आत घेऊन स्प्रिंगांचं पारडं मुद्दाम जड करा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली ती चार कार्डं सरकवा आणि ब्रिजला त्यांच्यावर घट्ट बसू द्या. आता तारा जुळवा. बघा, आता एक तार चढवली तरी दुसरी हलत नाही! ब्रिजला खालून कार्डांचा टेकू आहे, म्हणून तराजू सध्या बंद आहे. नव्या तारा हाताने हलक्या ताणून घ्या, पुन्हा जुळवा, आणि असं तीन-चार वेळा करा.

तारा स्थिर झाल्या की क्लॉचे स्क्रू सैल करायला घ्या, आळीपाळीने, दर वेळी पाव आटा. प्रत्येक फेरीनंतर कार्डं बोटाने हलवून बघा. सुरुवातीला ती चेपलेली असतील, मग जड सरकतील, आणि एका क्षणी विरोध न करता निघून येतील. तो क्षण आला की थांबा. दोन्ही पारडी बरोबर झाली. तारा सुरात आहेत, ब्रिज तीन मिलिमीटरवर तरंगतो आहे आणि खालचा टेकू गेला आहे. पाव आट्याच्या पुढे घाई केली तर ब्रिज त्या क्षणापलीकडे जातो, तारा उतरतात आणि पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. या कामात खरी कसोटी लागते ती सबुरीची.

तीन मिलिमीटर हा आकडा पोथीतला नाही. उंची किती ठेवायची ते दांडी वर ओढल्यावर किती स्वर चढायला हवा यावर ठरवा. एक रूढ बेत असा आहे: दांडी पूर्ण वर ओढली की तिसरी ‘जी’ तार तीन अर्धस्वर चढावी, म्हणजे तिला षड्ज मानलं तर कोमल गंधारापर्यंत जावी. तेव्हाच दुसरी तार दोन आणि पहिली एक अर्धस्वर चढते. एकाच हालचालीत तीन तारा वेगवेगळ्या अंतराने चढण्यामागे साधं पदार्थविज्ञान आहे. ब्रिज कलला की तिन्ही तारा सारख्याच लांबल्या जातात. पण तिसरी जाड असून खालच्या सुराला असते, म्हणून तिच्या पोलादावर जाडीच्या मानाने ताण कमी असतो. तेवढ्याच लांबण्याने तिचा ताण प्रमाणात जास्त वाढतो आणि स्वर जास्त उडी घेतो. पहिली तार आधीच तुटायच्या बेताला ताणलेली असते, म्हणून ती फारशी बधत नाही.

काही वादकांना वरची ओढ नकोच असते. एरिक क्लॅप्टनने आपल्या स्ट्रॅटोकास्टरच्या खोबणीत लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज कायमचा बंद केला. ज्याला दांडी वापरायचीच नाही त्याला हा मार्ग उत्तम. ज्याला फक्त खालचीच घसरण हवी त्याने क्लॉचे स्क्रू आणखी आत घेऊन ब्रिज गिटारीच्या अंगावर टेकवून ठेवावा. मग तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात आणि सहावी तार उतरवून ‘डी’वर आणली तरी गोंधळ होत नाही. नवशिक्याला मी हाच सल्ला देतो, निदान पहिलं वर्षभर.

ब्रिज असा समतोल झाला, तरीही दांडी दाबून सोडली की गिटार बेसूर होते, ही तक्रार मी सतत ऐकतो. अशा वेळी लोक स्प्रिंगा बदलतात, ब्रिज बदलतात, गिटारच विकतात. माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला, नटमध्ये सापडतो. दांडी दाबली की नट आणि ब्रिजमधला तारेचा भाग सैल पडतो, पण नट आणि खुंटीमधला भाग ताणलेलाच राहतो. तो थोडी तार आपल्याकडे खेचून घेतो. दांडी सुटल्यावर ती तार नटच्या खाचेतून परत यायला हवी. खाच अरुंद किंवा खडबडीत असेल तर ती अडकते आणि स्वर मूळच्यापेक्षा चढा राहतो. तार बोटाने ओढल्यावर किंवा दांडी वर ओढल्यावर नेमकं उलट होतं आणि स्वर उतरतो. म्हणजे निदान कानानेच करता येतं: दांडी खाली दाबून सोडल्यावर तार चढी आली तर अडचण नटमध्ये आहे. तार थोडी सैल करून बाजूला घ्या आणि चित्रकलेच्या ४बी किंवा ६बी पेन्सिलीचं टोक खाचेत चार-पाच वेळा फिरवा. ग्रॅफाइट उत्तम वंगण आहे. एवढ्याने भागलं नाही तर खाच योग्य जाडीच्या कानसीने रुंद करावी लागते. ते काम मात्र जाणत्या कारागिराकडे द्या, कारण खाच खोल गेली तर नवा नटच घालावा लागतो.

अमेरिकेतल्या फ्लॉइड रोझ नावाच्या गिटारवादकाने हे घर्षण मुळातच संपवलं. त्याआधी जिमी हेंड्रिक्सने १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या मंचावर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना दांडीने पडत्या बाँबांचा आवाज काढला होता. तसं वाजवू पाहणाऱ्या एका पिढीच्या गिटारी दर गाण्यानंतर बेसूर व्हायच्या. रोझ दागिने घडवायचं कामही करायचा, त्यामुळे धातूवर त्याचा हात बसलेला होता. त्याने नटवर तार स्क्रूने आवळून टाकली आणि ब्रिजवरही. दोन्ही टोकं बंद झाली, म्हणजे तार कुठे सरकायलाच जागा उरली नाही. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. एडी व्हॅन हेलनने हा ब्रिज आपलासा केला आणि १९८० च्या दशकात रॉक गिटारचं बोलणंच बदलून गेलं.

फ्लॉइड रोझचा समतोल साधायची रीत वरच्या रीतीची आरशातली प्रतिमा आहे. बहुतेक गिटारींत या ब्रिजखाली खोलगट जागा असते, तिथे कार्डांचा टेकू बसत नाही. म्हणून मागच्या खोबणीत, ठोकळा आणि गिटारीच्या बुडाकडची भिंत यांच्यामध्ये लाकडाची पाचर घालून ब्रिज अंगाला समांतर धरतात. क्लॉ आधी सैल ठेवायचा, नटवरची कुलुपं उघडी ठेवून तारा जुळवायच्या आणि मग क्लॉ पाव पाव आटा आत घ्यायचा. पाचर आपोआप सैल होऊन निघाली की समतोल आला. मग नटवरची कुलुपं लावायची आणि बारीक फरक ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूंनी भरून काढायचा. या ब्रिजची पुढची कड सुरीच्या धारेसारखी असते आणि ती दोन खांबांवर टेकते. तारा पूर्ण ताणात असताना त्या खांबांची उंची बदलू नका, धार बोथट होते. बोथट धारेचा ब्रिज परत जागेवर येत नाही आणि त्यावर पेन्सिलीचा उपाय चालत नाही.

बाकीचं थोडक्यात. समतोल झाल्यावर सॅडलची उंची ठरवा. मग बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्या. दांडी तिच्या भोकात खडखडत असेल तर तिच्या आट्यांवर नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा. स्प्रिंगा झणझणत असतील तर त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सॅडलचे बारीक स्क्रू गंजून जाम होतात. जूनच्या आधी त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब काडीने द्या, लाकडाला लागू देऊ नका.

एवढी खटपट कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी जेफ बेक ऐकायला सांगतो. १९८९ च्या त्याच्या ‘गिटार शॉप’ या अल्बममध्ये ‘व्हेअर वेअर यू’ नावाची एक रचना आहे. तिची चाल जवळजवळ पूर्ण दांडीने वाजवली आहे. तो हार्मोनिक छेडतो आणि दांडीच्या इवल्याशा दाबाने, ओढीने स्वरापासून स्वरापर्यंत जातो. पेटीवर जी मींड निघत नाही, ती तिथे तरंगत्या ब्रिजमधून निघते. त्याच्या नावाने निघालेल्या स्ट्रॅटोकास्टरवर नटच्या जागी रोलर होते. असा वादकसुद्धा घर्षणाची किती काळजी घ्यायचा, ते यावरून कळावं.

आपलं सेटिंग जमलं की मागचं झाकण लावण्याआधी क्लॉपासून लाकडाच्या भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही स्क्रूंजवळ पट्टीने मोजा. ते आकडे, तारांचा सेट आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी तारा बदलाल तेव्हा तोच सेट घ्या आणि एका वेळी एकच तार काढा, म्हणजे क्लॉला हात लावावा लागणार नाही.